अण्णांची मोटार कुणी भरली?

खरं सांगायचं तर असले गूढ अनुभव मी चुका शोधायला वाचतो. वाचता वाचता डोकं आपोआप विचारायला लागतं... उजेड किती होता, बघणारा कुठं उभा होता, त्यानंतर तो कुणाकुणाशी बोलला. दोष माझ्या धंद्याचा आहे. मी विम्याचा सर्व्हेअर. अपघात झालेली गाडी बघायची आणि मालक सांगतो तसंच घडलं का ते ठरवायचं, हे माझं रोजचं काम. बऱ्याचदा तसं घडलेलं नसतं. त्यामुळं करणी, साक्षात्कार, आत्मा वगैरे मी कधी मानलं नाही. आजही मानतो असं नाही. फक्त एका प्रकरणात मला अजून भोक सापडलेलं नाही, आणि ते आमच्याच घरातलं आहे.

मी कोल्हापुरात शाहूपुरीत राहतो. थोरली बहीण, आक्का, हातकणंगल्यात दिलेली. तिचे मालक सुभाषराव, म्हणजे आमचे दाजी. स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची, नदीवरची मोटार जळली की आतली काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढायची आणि नवी भरायची. याला आमच्याकडं 'मोटार भरणं' म्हणतात. बोटांचं काम आहे. तारेचे वेढे मोजून गुंडाळायचे, ते लोखंडाच्या, आत कागद घातलेल्या अरुंद खाचांत एकेक करून बसवायचे, वरून दोऱ्यानं आवळून बांधायचे, मग वार्निश. दाजींनी भरलेली मोटार परत जळत नाही, असं लोक सांगायचे. पार कर्नाटकाच्या सीमेपलीकडून माणसं यायची त्यांच्याकडं.

आणि तिथूनच सगळं सुरू झालं. भर उन्हाळ्यात ऊस वाळायला लागला आणि मोटार जळली की शेतकऱ्याला दम निघत नाही. दाजी जेवण बाजूला ठेवून मोटार भरून द्यायचे. मग माणूस खुशीनं एखादी बाटली टेबलावर ठेवून जायचा. दाजी आधी ती रविवारी उघडायचे, नंतर रोज संध्याकाळी, नंतर शटर वर करायच्या आधीच. शेवटच्या दोन वर्षांत सकाळी पोटात काही गेल्याशिवाय त्यांच्या हाताला चहाचा कप धरवत नव्हता. गिऱ्हाइकं तुटली. आक्काचं काय काय तुटलं ते तिनं आम्हाला सांगितलं नाही, पण एक दिवस ती पिशवी घेऊन आमच्याकडं शाहूपुरीत आली ती परत गेली नाही.

सोडवायचे उपाय आम्ही कमी केले नव्हते. कुणीतरी सांगितलं म्हणून आक्कानं भाजीत गुपचूप पावडर कालवली. त्यानं दाजींचं पोट तेवढं बिघडलं. एका मठात नेऊन माळ घातली, ती श्रावणभर टिकली. मग मी सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या ओपीडीला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी गोळ्या दिल्या, पण दाजी त्या जिभेखाली धरून मोरीत थुंकायचे. पुढच्या खेपेला बाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की एवढी पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी एकदम बंद करायची नाही, झटके येतात, जीवही जातो. आधी डॉक्टरच्या देखरेखीखाली ती अंगातून उतरवायची आणि मग काही महिने व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचं.

मी केंद्रं बघत फिरलो. एका ठिकाणी खिडक्यांना जाड गज होते आणि आतल्या पोरांच्या दंडावर वळ. तिथून चहा न घेता बाहेर पडलो. एक चांगलं होतं पण फार लांब. शेवटी कळंब्याच्या बाजूला एक मिळालं. फक्त पुरुषांसाठी, खाली छोटा दवाखाना, डॉक्टर रोज येणारे, आणि माणसाची स्वतःची संमती असल्याशिवाय आत घेत नाहीत. तिथले समुपदेशक माने सर स्वतः एकेकाळचे पिणारे, आता कितीतरी वर्षं कोरडे. ते म्हणाले, "उचलून आणू नका. ते चालत आले पायजेत."

दाजी चालत आले. त्याचं कारण मल्लाप्पा अण्णांची मोटार.

मल्लाप्पा अण्णा म्हणजे दाजींचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. सगळे तुटले तरी हे म्हातारे तुटले नव्हते. त्यांची जळालेली मोटार दाजींनी उघडली, तार उपसली, आणि नवी भरायला बसले तर तार खाचेत जाईना. बोटं थरथरत होती. दोन घोट घेऊन बघितलं, तरी जाईना. त्या दिवशी त्यांनी मला फोन केला आणि एवढंच म्हणाले, "नितीन, मला कुठं न्यायचं तिकडं ने."

सोमवारी सकाळी मी गाडी घेऊन गेलो. दुकानात टेबलावर मोटारीचं मोकळं कवच पडलं होतं, आत एक तार नाही. माझ्या सवयीनं मी मोबाईलवर दुकानाचे चार फोटो काढले. आत तांबं होतं आणि भुरट्या चोरांचा त्रास, म्हणून जुनं कुलूप काढून स्वतःचं नवं लावलं. त्याच्या दोन्ही किल्ल्या माझ्या गाडीच्या चावीच्या कडीत. हे सगळं मुद्दाम सांगतोय, कारण पुढं मला हेच पुन्हा पुन्हा तपासायला लागलं.

केंद्रात पहिले काही दिवस नातेवाइकांना भेटू देत नाहीत. पण मंगळवारी रात्री माने सरांचा फोन आला, की दाजींना भ्रम सुरू झालाय. घाबरायचं कारण नाही, डॉक्टर आहेत, औषध चालू आहे, पण ओळखीचा माणूस जवळ बसला तर बरं. आक्का यायला तयार नव्हती. तिचं बरोबरच होतं. बुधवारी सकाळी मीच गेलो.

दाजी खाटेवर अर्धे उठून बसलेले. घामानं बनियन चिकटलेला, डोळे उघडे, पण मी समोर उभा असून मी त्यांना दिसत नव्हतो. आणि हात चाललेले. उजवा हात हवेत गोल गोल फिरत होता, ओठ काहीतरी मोजत होते. थांबायचे, डाव्या हातानं काहीतरी अलगद उचलून घ्यायचे, मांडीवर ठेवल्यासारखं करायचे आणि दोन्ही अंगठ्यांनी एकेक तार दाबत न्यायचे. मी लहानपणापासून त्यांना दुकानात बघितलंय, मला सांगायची गरज नव्हती. दाजी मोटार भरत होते.

मी माने सरांकडं बघितलं. ते म्हणाले, यात नवल काही नाही, या अवस्थेत माणूस आपलंच काम करतो. त्यांनी गिअर टाकणारा ट्रक ड्रायव्हर बघितला होता, भिंतीला गिलावा करणारा गवंडी बघितला होता. ते स्वतः एसटीत कंडक्टर होते. "मी म्हणं पंख्याला तिकीट फाडून देत हुतो," असं सांगून ते हसले. डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

मी खुर्ची ओढून बसलो. एक गोष्ट मात्र मला तेव्हाच खटकली होती. सलाईनची सुई लावलेला हात एरवी लटलट कापत होता. नर्सनं पाण्याचा पेला दिला तर अर्धं पाणी अंगावर सांडलं. पण पेला ठेवून ते परत 'कामाला' लागले की हात स्थिर. बोट न् बोट जागच्या जागी.

मध्येच ते बोलायचे. बहुतेक वेळा आकडे, किंवा "पेपर दे", "कात्री कुठं हाय". पण दुपारच्या सुमारास त्यांनी दाराकडं मान वळवली आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "या अण्णा. बसा. माठातलं पाणी घ्या." दारात कुणी नव्हतं. मग मधेमधे थांबत, जणू समोरचा बोलतोय आणि हे ऐकताहेत, असं चाललं. "व्हय, जळाली हुती पार"... थोडा वेळ गप्प... "पोरगीचं बरं झालं की मग"... मग कपाळाला आठी घालून हातानं काहीतरी दूर सारलं. "न्हाई घेत आता. परत न्या ती." मला वाटलं नर्सनं आणलेली गोळी नाकारताहेत. शेवटी म्हणाले, "उद्या न्या. ओट्यावर ठेवतो."

संध्याकाळपर्यंत हात चालू होते. गुरुवारी सकाळी मी परत गेलो तेव्हा दाजी गाढ झोपले होते. रात्रीत कधीतरी भ्रम उतरला. पुढं दोन दिवसांत माणसं ओळखायला लागले, पेज प्यायले. काही आठवतं का विचारलं, तर नाही म्हणाले.

इथपर्यंत सगळं ठीक आहे. डॉक्टरी पुस्तकात बसतं.

रविवारी मी हातकणंगल्याला गेलो. आक्काचं पक्कं ठरलं होतं, की दुकान मोकळं करून टाकायचं. दाजी बरे होऊन आले तरी त्या दुकानात नकोत, तिथं बसले की परत लोक बाटल्या आणणार. वाइंडिंगचं मशीन बघायला एक जण दुपारी येणार होता. मी थोडा आधीच पोचलो आणि ओट्यासमोर गाडी लावतोय तोवर मल्लाप्पा अण्णा रस्ता ओलांडून आले, खांद्यावर वांग्यांचं अर्धं पोतं.

"काय पावणं, दाजी कुठं हायत? घरला बी कुलूप हाय."

मी त्यांना काय सांगावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात ते पोतं ओट्यावर ठेवून म्हणाले, की मोटार झकास चाललीय, आवाज नाही की ताप नाही. दाजी पाव्हणचार काही घेत नाहीत म्हटल्यावर मळ्यातली वांगी तरी द्यावीत म्हणून आलो.

मी विचारलं, कुठली मोटार?

"माझीच की. ह्येनीच भरल्याली. गुरुवारी न्हेली न्हवं मी."

मी त्यांना म्हटलं, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय, दाजी सोमवारपासून इथं नाहीत. अण्णा रागावले नाहीत, शांतपणे ओट्यावर टेकून पहिल्यापासून सांगायला लागले. बुधवारी दुपारी मोटारीचं काय झालं ते विचारायला आले होते. शटर अर्धं वर होतं. वाकून आत गेले तर दाजी स्टुलावर बसून मोटार भरत होते. या अण्णा म्हणाले, बसा म्हणाले, माठातलं पाणी घ्या म्हणाले.

मी त्यांना थांबवलं नाही. माझ्या धंद्यात एक शिकलोय, माणूस सांगत असताना आपण एक शब्दही पुरवायचा नाही.

अण्णांनी मोटार पार जळाल्याचं बोलणं झालं ते सांगितलं. मग लेकीच्या बाळंतपणाची गोष्ट निघाली, ती सुखरूप झाली म्हटल्यावर दाजी बरं झालं म्हणाले. "आन मग मी त्ये... नेमाचं आणल्यालं काढून टेबलावर ठेवलं. हौद, बाटलीच," ते म्हणाले. कानडी 'हो' त्यांच्या बोलण्यात असाच मधेमधे येतो. "तर त्येनी हातानं सारली. न्हाई घेत आता, परत न्या ती, म्हणाले. मला लाजल्यागत झालं बगा."

गुरुवारी ते पुतण्याचा टेम्पो घेऊन आले तर शटर बंद, आणि मोटार तयार होऊन ओट्यावर ठेवलेली. उचलून नेली.

मी कुलूप बघितलं. माझंच होतं, ओरखडा नव्हता. शटर वर केलं आणि वार्निशचा ताजा वास आला. टेबलावर मोटार नव्हती. खाली तारेचे तुकडे आणि कागदाच्या कातरणांचा ढीग एका बाजूला झाडून ठेवलेला. वार्निशचा ब्रश डब्यात थिनरमध्ये उभा होता. शेवटच्या दोन वर्षांत दाजींनी एकही ब्रश कधी धुऊन ठेवला नव्हता. सगळे वाळून लाकूड झालेले असायचे. मोबाईल काढून सोमवारचे फोटो समोर धरले. मोकळं कवच, धुळीनं भरलेलं टेबल. तेच टेबल आता पुसलेलं होतं.

मशीन बघायला माणूस आला. त्याला मी परत पाठवला.

पुढचे काही आठवडे मी हे प्रकरण जसं ऑफिसचं असावं तसं हाताळलं. समोर शोभाताईंचं शिलाईचं दुकान आहे, त्यांचं मशीन दारातच असतं. त्या म्हणाल्या, बुधवारी दिवसभर शटर खालीच होतं, अर्धंसुद्धा वर नव्हतं. अण्णांना त्यांनी बघितलं नाही. पण गुरुवारी सकाळी दुकान उघडायला आल्या तेव्हा मोटार ओट्यावर होती, ती त्यांना पक्की आठवते. त्यांना वाटलं मीच ठेवून गेलो. कुलूपवाल्याला कुलूप दाखवलं, त्यालाही ते कुणी छेडल्याची खूण सापडली नाही. हातकणंगल्यातले आणि इचलकरंजीतले सगळे रिवाइंडिंगवाले पालथे घातले, कुणीही अण्णांची मोटार भरली नव्हती. समजा दुसऱ्या कुणी आत शिरून भरलीच, तर कशासाठी? आणि तांब्याला हात न लावता, झाडून, पुसून कोण जाईल? आणि ते बोलणं? तेव्हा केंद्रात खाटेपाशी मी, दाजी आणि जाता येता नर्स, एवढेच होतो. मी ते कुणाला सांगितलंही नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काय आहे असंच मला वाटलं होतं.

आक्काला मात्र त्या रविवारी संध्याकाळीच सांगितलं. ती स्वयंपाकघरात अण्णांचीच वांगी चिरत होती. मला वाटलं घाबरेल, नाहीतर मला वेड्यात काढेल. तिनं शटरबद्दल विचारलं नाही, कुलपाबद्दल विचारलं नाही. विळीवरचा हात थांबवून म्हणाली, "बाटली परत दिली?"

"अण्णा तसंच म्हणत्यात."

"आन तू ऐकलंस?"

"मी शब्द ऐकलं, आक्का. परत न्या ती, म्हणाले."

ती परत चिरायला लागली आणि खाली बघूनच म्हणाली, "मशीन इकू नगंस."

माने सरांना सांगितलं तेव्हा ते यावेळी हसले नाहीत. दाजींना एवढ्यात काही सांगू नका म्हणाले. माणूस आत्ता कुठं सावरतोय, त्याला असल्या गोष्टीचा आधारही नको आणि भीतीही नको. त्याला रोजची प्रार्थना, रोजची मीटिंग, रोजचं भांडी घासणं पुरे. ते मला पटलं. दाजी तिथं पावसाळाभर राहिले. एकदा मध्येच पळून जायच्या बेतात होते, गेटपर्यंत आले आणि परत फिरले, असं नंतर त्यांनीच सांगितलं. आक्का महिन्यातून एकदा नातेवाइकांच्या सभेला जायला लागली. पहिल्या सभेत ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या वेळी डबा घेऊन गेली.

दिवाळीच्या आधी दाजी घरी आले. दुकान उघडलं. दर आठवड्याला दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला कोल्हापूरला येतात, आणि दारातच पाटी लावलीय, की चहा चालेल, दुसरं काही आणू नये. अण्णांनी त्यांना भेटल्या भेटल्या सगळं सांगून टाकलं, त्यांना थांबवणार कोण? दाजींनी ऐकून घेतलं, मला विचारलं, मी पण माझी बाजू सांगितली. ते म्हणाले, मला यातलं काही ठाऊक नाही. विषय तिथंच राहिला. मला मात्र चैन नव्हतं. ती मोटार उघडून बघायची माझी फार इच्छा होती, पण चांगली चाललेली मोटार कुठला शेतकरी उघडू देईल?

यंदाच्या उन्हाळ्यात तिचं बेअरिंग गेलं. अण्णांनी ती दुकानात आणल्याचं कळताच मी एका ट्रकचा सर्व्हे दुसऱ्या दिवसावर ढकलून हातकणंगले गाठलं. दाजींनी बोल्ट काढले, बाजूचं झाकण उतरवलं आणि बॅटरी घेऊन आत बघायला लागले. मी पण वाकून बघितलं. मला त्यातलं कळत नाही, पण ते भरलेलं काम डोळ्याला गोड वाटत होतं, हे कुणालाही कळलं असतं. एकही तार दुसरीवर चढलेली नव्हती. दोऱ्याचे वेढे सगळे सारख्या अंतरावर.

दाजींनी बोटाच्या टोकानं एका गाठीला हात लावला.

"गाठ माझीच हाय," ते म्हणाले. "उस्तादानं शिकवल्याली. दुसरं कोण अशी मारत न्हाई हितं." बॅटरी बाजूला ठेवून म्हणाले, "पर मला अजून एवढं जमंना झालंय."

खरंच होतं ते. हात पुष्कळ सुधारलाय, पण बारीक कंप अजून आहे, डॉक्टर म्हणतात जाईल हळूहळू. सध्या एक मोटार भरायला त्यांना पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो.

मी विचारलं, "दाजी, भ्या न्हाई वाटत?"

"भ्या कशाचं? काम चांगलं केलंय की त्यानं."

'त्यानं' म्हणजे कुणी, हे मी लगेच विचारलं. दाजी तोवर नवं बेअरिंग हातात घेऊन बसले होते. त्यांनी मला हातोडा द्यायला सांगितला. मी दिला.

मोटार परत अण्णांच्या मळ्यात चालू आहे. वाचणाऱ्यांत कुणी डॉक्टर असेल, रिवाइंडिंगवाला असेल, आणि त्याला याचं काही उत्तर सुचत असेल तर जरूर सांगा, मी मनापासून ऐकेन. फक्त अण्णा खोटं बोलले असं म्हणू नका. ते जे दुकानात बसून ऐकत होते, ते त्याच दुपारी कळंब्यात खाटेशेजारी बसून मीही ऐकत होतो.